वाट पाहण्याचा महिना : जर्मनीचे वार्तापत्र

स्टुटगार्ट, डिसेंबर

साकोली तालुक्यात धानाची कापणी आटोपून बांध्या मोकळ्या झाल्या, ठिकठिकाणी पुंजणे उभे राहिले आणि भाऊबीजेपासून सुरू झालेला मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम ऐन भरात आला, म्हणजे सानगडीच्या माणसाला हिवाळा हा वर्षातला सर्वांत मोकळा आणि आनंदाचा काळ वाटू लागतो. परंतु ज्या देशातून हे पत्र मी लिहीत आहे, तेथे हाच काळ अंधाराचा असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्टुटगार्ट येथे सूर्य सकाळी सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो, आकाश बहुधा ढगांनी झाकोळलेले असते, आणि तीन-चार वर्षांचे मूल अंधारात घराबाहेर पडून दिवे लागल्यावरच घरी परतते. अशा ऋतूत लहान मुलांचे घर प्रसन्न कसे ठेवावे, या प्रश्नाचा जर्मन समाजाने पिढ्यान्‌पिढ्या विचार केलेला आहे, आणि नाताळ म्हणून आपण दुरून जो एका दिवसाचा सण ओळखतो, तो वास्तविक सहा आठवडे चाललेल्या एका बालसंगोपनाचा अखेरचा दिवस होय.

आरंभ होतो तो ११ नोव्हेंबर रोजी. कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपल्या झग्याचा अर्धा भाग तलवारीने कापून देणाऱ्या संत मार्टिन या रोमन शिपायाचा तो दिवस. त्या संध्याकाळी बालवाडीतली मुले आपल्या हातांनी केलेले कागदी कंदील काठीला अडकवून, गाणी म्हणत, आईबापांसह वस्तीतून मिरवत जातात. पुढे ५ डिसेंबरच्या रात्री ती आपले बूट घासूनपुसून दाराशी ठेवतात आणि सकाळी त्यांत चौथ्या शतकातील मायरा नगरीचे बिशप संत निकोलस यांच्या नावाने अक्रोड, संत्री आणि चॉकलेट त्यांना सापडते. आनंदाचे असे लहान लहान हप्ते पाडून दिल्यामुळे मुलाला अंधाराचा महिना लांबलचक वाटत नाही.

या व्यवस्थेतील दोन गोष्टींचा इतिहास मोठा हृद्य आहे. हॅम्बुर्ग येथे योहान हिनरिख विखेर्न या धर्मोपदेशकाने १८३३ साली निराधार मुलांसाठी एक आश्रम स्थापन केला होता. नाताळ केव्हा येणार, असे मुले रोज विचारू लागली, तेव्हा १८३९ साली त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या. इतर दिवसांसाठी लहान तांबड्या, रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या. आणि रोज एक अधिक पेटवीत मुलांना उरलेले दिवस डोळ्यांनी मोजायला शिकविले. आज घरोघरी जेवणाच्या मेजावर हिरव्या फांद्यांचे कडे आणि त्यावर चार मेणबत्त्या दिसतात, त्यांचा उगम या निराधार मुलांच्या प्रश्नात आहे. दुसरी गोष्ट स्टुटगार्टपासून फार दूर नसलेल्या माउलब्रोन गावची. तेथील गेरहार्ड लांग याला लहानपणी त्याची आई पुठ्ठ्यावर चोवीस बारीक बिस्किटे टाके घालून लावून देई, अशी हकीकत सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिक येथे छपाईच्या धंद्यात असताना त्याने याच कल्पनेवरून छापील दिनदर्शिका काढल्या, आणि पुढे त्यांना उघडती दारेही आली. १ ते २४ या तारखांची चोवीस दारे, रोज एकच उघडायचे, असा त्यांचा नियम.

आमच्या घरच्या चार वर्षांच्या मुलीचा डिसेंबर या दिनदर्शिकेसमोरच उजाडतो. दारांवरचे आकडे मुद्दाम उलटसुलट छापलेले असल्यामुळे ती नाक पुठ्ठ्याला टेकवून सतरा शोधते, एकाहत्तरची शंका घेते, सातावरून बोट फिरविते, दार सापडले की नखाने हळूच उचकटते. आणि शेजारचे अठराचे दार मोहात पाडीत असतानाही त्यावर नुसता तळवा ठेवून बाजूला होते. अंकज्ञान हा येथे गौण लाभ आहे. हवी ती वस्तू हाताच्या अंतरावर असून ती उद्यावर सोडता येणे, आणि त्या सोडण्यातही गोडी असणे, हे शिक्षण तिला कोणी उपदेशाने देऊ शकले नसते.

बालवाडीतील हिवाळाही असाच धीराचा असतो. मुलांनी रोज मोकळ्या हवेत गेलेच पाहिजे, ही येथील बालशिक्षिकांची निष्ठा असल्यामुळे पाऊस असो वा बर्फ असो, बाहेर जाण्यापूर्वी वीस मुलांचा पोशाख हा एक सोहळाच होतो. भिंतीवर ओळीने खुंट्या, प्रत्येक खुंटीवर कासव, बेडूक, छत्री असे एकेका मुलाचे चित्र. मूल आपला कोट जमिनीवर उताणा पसरते, गळपट्टीच्या बाजूला उभे राहून वाकते, दोन्ही हात बाह्यांत घालते आणि एका झटक्यात तो डोक्यावरून मागे टाकते. शिक्षिका जवळ उभी असते, पण मूल मागेपर्यंत हात लावीत नाही. फ्रिड्रिख फ्रोबेल याने १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालसंस्था काढली आणि १८४० साली तिला किंडरगार्टन हे नाव दिले, त्या भूमीत हे आश्चर्याचे नाही. आणि १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे कार्य आरंभून पुढे अंगणवाडीची कल्पना रुजविणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही.

परंतु केवळ हौसेने असे सण टिकत नाहीत. त्यांच्यामागे कायद्याचा बंदोबस्त आहे, आणि तो सानगडीच्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. रविवार आणि सणांचे दिवस हे विश्रांतीचे व चित्तशुद्धीचे म्हणून राखले जातील, असे १९१९ च्या वायमार राज्यघटनेचे कलम १९४९ च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे आजच्या राज्यघटनेत, जसेच्या तसे सामील करून घेण्यात आले. नाताळपूर्वीचे चारही रविवार दुकाने उघडी ठेवण्याची मुभा बर्लिनच्या कायद्याने दिली, तेव्हा घटनात्मक न्यायालयाने १ डिसेंबर २००९ रोजी ती तरतूद घटनेशी विसंगत ठरविली. १९६३ च्या रजेच्या कायद्याने प्रत्येक नोकरदाराला वर्षाकाठी किमान चार आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. मूल वर्षाचे झाले की त्याला बालसंगोपनकेंद्रात जागा मिळण्याचा हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे. मूल लहान असताना आईबापांना मिळणारा संगोपनभत्ता २००७ पासून सुरू झाला. दोघांनीही निदान दोन महिने घेतले तर त्याची मुदत एकूण चौदा महिन्यांपर्यंत जाते, आणि या अटीमुळेच तान्ह्या मुलाला बाबागाडीत घालून भर दुपारी बाजारहाट करणारा बाप येथे कोणाच्या नजरेत भरत नाही.

या सर्व तजविजीचे फळ २४ डिसेंबरला दिसते. दुपारी दोनच्या सुमारास दुकाने बंद होतात, रस्ते ओस पडू लागतात, आणि २५ व २६ या दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या असल्याने देशातील बहुतेक आईबाप एकाच वेळी घरी असतात. दिवसभर बैठकीची खोली मुलांना बंद ठेवलेली असते. संध्याकाळी आत घंटा वाजते, दार उघडते, झाडावरचे दिवे लागलेले दिसतात आणि या दक्षिण भागात बाल येशूने आणलेल्या, उत्तरेत नाताळबाबाने आणलेल्या समजल्या जाणाऱ्या भेटी मुलांच्या हाती येतात. जेवण पुष्कळ घरी बटाट्याची कोशिंबीर आणि सॉसेज इतके साधे असते, कारण त्या संध्याकाळी आईने चुलीपाशी अडकून पडू नये, असाही त्यामागचा हिशेब आहे.

या चित्राची दुसरी बाजूही आहे. शाळांना दोनेक आठवड्यांची सुटी लागली की बालवाड्याही पुष्कळदा काही दिवस बंद राहतात, आणि जवळ आजी-आजोबा नसलेल्या घरांची तारांबळ उडते. आम्हां मराठी कुटुंबांची तर विशेष. शेजारी सुस्वभावी असले तरी न विचारता कोणाच्या ओसरीवर मूल सोडून जाता येत नाही. ज्यांचे कोणी नाही अशा वृद्धांना याच दिवसांत एकटेपणा सर्वाधिक जाणवतो. म्हणून आम्ही मराठी मंडळी २५ तारखेच्या दुपारी एकत्र जमतो. व्हिडिओ कॉलवर गावाकडच्या आजीला मुले आपले कंदील दाखवितात, आणि तिच्याकडून मंडईत काय काय आले त्याची साग्रसंगीत हकीकत ऐकतात.

कारण आमच्या साकोलीकडच्या झाडीपट्टीचा हिवाळा मुलांच्या दृष्टीने कमी समृद्ध नाही. मंडईतले पाळणे, दंडार, खडी गंमत, शंकरपट, पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकात आईच्या मांडीवर चादरीत गुरफटून घेतलेली झोप, चुरण्याच्या वेळी तणसावरच्या उड्या: इतके वैभव येथल्या मुलाच्या वाट्याला येणार नाही. उणीव आहे ती एकाच गोष्टीची. आपल्याकडे उत्सव गावाचा असतो आणि मूल त्यात आपले आपण सामावून जाते. त्याच्यासाठी म्हणून, त्याच्या वयाच्या बेताने, वडीलधाऱ्यांनी राखून ठेवलेला वेळ मात्र क्वचितच असतो. बाप धान घेऊन खरेदी केंद्रावर नंबर लावून बसलेला किंवा कामासाठी नागपूरकडे गेलेला, आई खळ्यावर आणि चुलीपाशी. यात दोष त्यांचा नाही, कष्टकऱ्याला रजेचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे शेताच्या बांधापर्यंत अद्याप पोहोचलेला नाही, याचा आहे.

तो पोहोचावा यासाठी आपण मागणी करीत राहिलेच पाहिजे. पण तोपर्यंत माझी सानगडीच्या आईबापांना आणि अंगणवाडीच्या ताईंना एक विनंती आहे. या हंगामात मंडईच्या आधीचे आठ दिवस मुलांसाठी मोजून द्यावेत: भिंतीवर कोळशाने आठ रेघा ओढाव्यात, रोज संध्याकाळी मुलाच्या हाताने एक पुसून घ्यावी, आणि ती पुसताना घरातले एक मोठे माणूस, शक्यतो बाप, त्याच्याजवळ बसलेले असावे. याला पैसा लागत नाही, सरकारी मंजुरी लागत नाही. आणि वाट पाहणे आईबापांच्या सोबतीने शिकलेले मूल पुढे आयुष्यात सहसा धीर सोडत नाही, असे माझे या देशातील अनुभवावरून बनलेले ठाम मत आहे.