आधी रोकडा, मग दावं

दहा वर्षांपूर्वी आमच्या जव्हार तालुक्यातल्या साखरशेतात कोणी काही विकलं तर पैसा फार लांबून येत नसे. बैल असो की जुनी मोटारसायकल, घेणारा अंगणात यायचा, चारही बाजूंनी बघायचा, इसार ठेवायचा आणि उरलेली रक्कम चार माणसांसमोर मोजून दिली की मगच दावं त्याच्या हातात जायचं. भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरत असेल, पण नोटा उघड्यावर मोजल्या जायच्या. त्या व्यवहारात धास्ती असे ती घेणाऱ्याला. बैल बसका निघाला तर? इंजिन आधीच खोललेलं असलं तर? विकणारा मात्र पैसे कनवटीला लावून निर्धास्त घरी जायचा.

गेल्या दशकात हे पारडं फिरलं. आज फोनवर वस्तू विकायला काढली की सावज ठरतो तो विकणारा.

२०१६च्या एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झालं, ८ नोव्हेंबरला नोटबंदी आली आणि १ डिसेंबरला आपल्या शेजारच्याच ठाणे जिल्ह्यातलं, मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. त्या बातम्या वाचून आम्ही हसलो होतो. जव्हार-मोखाड्यात रेंजसाठी टेकाडावर चढावं लागायचं. पैसे पाठवायचे म्हणजे आधी डोंगर चढायचा. त्या गैरसोयीने काही वर्षं आमचं रक्षणच केलं म्हणायचं. मग २०२०ची टाळेबंदी आली. वीटभट्टीवरची माणसं परतली, शाळा फोनवर गेली आणि ज्या घरात कधी रेडिओ नव्हता तिथेही पोरांच्या अभ्यासासाठी स्मार्टफोन आला. त्याच्या मागोमाग ठकही आले.

माझी पाळी त्याच वर्षी दिवाळीनंतर आली. जुनी मोटारसायकल काढायची होती. फोटो टाकले, किंमत लिहिली बावीस हजार. दहा मिनिटांत फोन. ‘‘भाईसाब, मैं आर्मी से बोल रहा हूँ.’’ नेमणूक देवळालीला, गाडी भावासाठी हवी, न्यायला लष्कराचा ट्रक येणार. पाठोपाठ ओळखपत्र आणि कँटीन कार्डाचे फोटोही आले. वर्दी पाहिली की आपला माणूस अर्धा विरघळतो आणि हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

खरी खूण माझ्या डोळ्यांसमोर होती, पण मला ती दिसली नाही. त्याने घासाघीस केलीच नाही. आमच्याकडे शेळी घ्यायची तरी माणूस पन्नास रुपयांसाठी अर्धा तास उकिडवा बसतो, शेळीचे दात बघतो. हा गाडी न बघता, किक न मारता बावीस हजाराला तयार! मी मात्र खूश झालो, चांगलं गिऱ्हाईक भेटलं म्हणून.

त्याने आधी पाच रुपयांचा क्यूआर कोड पाठवला. ‘‘चेक करने के लिए.’’ मी तो स्कॅन केला. माझे पाच गेले आणि लगेच त्याच्याकडून दहा आले. विश्वास बसला. मग अकरा हजारांचा कोड. स्क्रीनवर पैसे ‘द्या’ असं लिहिलेलं मी वाचलं, त्याला विचारलंही. म्हणाला, लष्करी खात्याची पद्धत उलटी असते. मी पिन टाकला. अकरा हजार गेले. तो लगेच दिलगीर झाला, चूक झाली म्हणाला, दुसरा कोड पाठवतो, त्यातून दोन्ही रकमा एकदम येतील. मी तोही स्कॅन करायला घेतला होता. वाचलो ते शहाणपणाने नाही. रेंज गेली.

तीन दिवस मी हे घरात बोललो नाही. शिकलेल्या माणसाला याची लाज जास्त वाटते. पुढे फेब्रुवारी २०२१मध्ये बातमी वाचली, दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या मुलीने जुना सोफा विकायला काढला आणि याच रीतीने आधी वीस, मग चौदा, असे चौतीस हजार रुपये गेले. दिल्लीत आणि साखरशेतात एकच युक्ती चालते, हे वाचून माझी लाज थोडी कमी झाली, खोटं कशाला बोलू.

मर्म एवढंच आहे : यूपीआयचा पिन लागतो तो खात्यातून पैसे बाहेर काढायला किंवा शिल्लक बघायला. पैसे घ्यायला पिनही लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. पिन आपणच टाकला असेल तर भरपाईच्या वेळी अडचण होते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७मध्ये अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली, पण ग्राहकाच्याच निष्काळजीपणाने नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याच्याच माथी येतो.

मी फसलो त्याच सुमारास पाड्यावरचे एक बाबा पाच रुपयांची ट्रॅक्टरची नोट घेऊन माझ्याकडे आले. ती लाखाला जाते, असा व्हिडिओ नातवाने दाखवला होता. फोन लावला तर पलीकडून आधी नोंदणीचे पैसे मागितले. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा बाजार बाबांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनीच फोन ठेवला. माझ्यापेक्षा हुशार. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेनेही जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी आपलं नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागितला जातोय. असल्या व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही.

त्यानंतर ‘पैसे जमा’ असे खोटे एसएमएस आले, बनावट स्क्रीनशॉट आले, ‘चुकून जास्त पाठवले, तेवढे परत करा’ आलं. त्यावर उतारा म्हणून दुकानांत रक्कम मोठ्याने सांगणारा डबा आला. वारली चित्रं विकणारी पोरंही आता निम्मे पैसे खात्यात दिसल्याशिवाय कापडाला गेरू लावत नाहीत. १ ऑक्टोबर २०२५पासून एका माणसाने दुसऱ्याच्या फोनवर पैशांची मागणी धाडायची यूपीआयमधली सोय बंद झाली, ते बरं झालं. क्यूआर कोड मात्र आहेच आणि पिन टाकणारं बोटही.

माझी गाडी शेवटी विक्रमगडच्या एकाने नेली, अठरा हजाराला. दोन चकरा मारून आणि टायरला नावं ठेवून. पैसे दिसले, मग किल्ली दिली. नमुना २९ आणि ३० वर सह्या करून नाव बदलेपर्यंत मी त्याचा पिच्छा सोडला नाही, कारण कागदावर नाव माझं असेल तर अपघाताचा दावाही माझ्यावर येतो. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय. आमचं एमएच ४८ चं आरटीओ कार्यालय तेव्हा पार वसई तालुक्यात होतं, तरी ती खेप चुकवली नाही.

मी फसलो तेव्हा अशी ऑनलाइन फसवणूक लगेच कळवायला मदतीचा नंबर नव्हता. २०२१मध्ये १५५२६० आला, पुढे त्याचा १९३० झाला. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत फोन गेला तर ते गोठवता येतात, म्हणून माझ्यासारखे तीन दिवस गप्प बसू नका. आपल्याकडे सोयऱ्यांचे नंबर दारामागे खडूने लिहिलेले असतात, त्यांच्याखाली हाही लिहून ठेवा : १९३०.