गर्भाशयमुखाच्या तपासणीत दोष आढळला म्हणजे कॅन्सर झाला असे नव्हे!

जयंतीनिमित्त वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरे होतात. काही ठिकाणी महिलांच्या गर्भाशयमुखाचीही तपासणी होते. परंतु अहवालात ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘अ‍ॅबनॉर्मल’ शब्द दिसला की अनेक भगिनी घाबरून पुढच्या तपासणीला जातच नाहीत. धोका इथेच वाढतो.

अहवालाचा अर्थ काय?

हा कॅन्सर प्रामुख्याने एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गामुळे होतो. बहुतेकींच्या शरीरातून हा संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातो. टिकला तरी कॅन्सर होण्यास साधारण १५ ते २० वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती खूप कमी असल्यास, उदाहरणार्थ उपचार न घेतलेल्या एचआयव्हीत, हा काळ ५ ते १० वर्षे असतो. तपासणी याच मधल्या काळातले बदल शोधते.

व्हीआयए तपासणीत व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून पांढरा डाग दिसतो का ते पाहतात. असा डाग साध्या सुजेमुळेही दिसू शकतो. पॅप तपासणी पेशींतील बदल दाखवते, तर एचपीव्ही तपासणी विषाणू आहे का ते सांगते. यांपैकी एकाही अहवालावरून कॅन्सरचे निदान होत नाही.

पुढे काय करावे?

डॉक्टर कोल्पोस्कोपी करतात, म्हणजे दुर्बिणीतून पाहतात. गरज असल्यास छोटा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. ‘सीआयएन १’ आल्यास ते बदल बहुधा आपोआप जातात, मात्र फेरतपासणी चुकवू नये. ‘सीआयएन २’ किंवा ‘३’ हाही कॅन्सर नव्हे, पण त्यावर सहसा उपचार करावे लागतात. तेवढाच खराब भाग जाळून किंवा कापून काढतात आणि बाई बहुतेकदा त्याच दिवशी घरी येते. यासाठी सहसा पिशवी काढावी लागत नाही. कोणी थेट तसे सुचवले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

संबंधांनंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असेल, तर शिबिराची वाट पाहू नये.

संशय नको

एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो आणि अनेक वर्षे सुप्त राहू शकतो. त्यामुळे अहवाल हा पती किंवा पत्नीच्या चारित्र्याचा पुरावा ठरत नाही.

कार्यकर्त्यांचे काम

उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही तपासणी आणि गरजेनुसार उपचार मिळालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे आपल्याच ग्रामीण भागात घडले, कारण तपासणीला उपचारांची जोड होती.

म्हणून शिबिर घेण्याआधीच पुढची तपासणी कोणत्या रुग्णालयात होईल ते ठरवा. अहवाल चारचौघांत वाचू नका, ज्या त्या भगिनीला एकांतात समजावून सांगा. आशाताईंची मदत घ्या. एकटी जायला घाबरणाऱ्या भगिनीसोबत एखादी महिला कार्यकर्ती पाठवा. शेवटची भगिनी पुढची तपासणी करून येईपर्यंत आपले शिबिर संपले असे समजू नका.