चढाईपूर्वीचे सहा दिवस

समजा तुम्ही सैनिक आहात. १९९९ सालचा उन्हाळा आहे. कारगिलच्या डोंगरांत युद्ध पेटले आहे आणि तुमची पलटण मैदानी प्रदेशातून विमानाने नुकतीच लेहला उतरली आहे. अंगात रग आहे, हातात बंदूक आहे. आता पहिला हुकूम कोणता मिळेल? ‘चढाई करा’? छे! पहिला हुकूम असतो, ‘विश्रांती घ्या!’

नवल वाटले ना? पण हाही सैनिकी शिक्षणाचाच भाग आहे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो. मात्र हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तितकाच घटतो. सुमारे ५,००० मीटर उंच टायगर हिलवर तर तो निम्म्याच्या जवळपास येतो.

ही तूट शरीर कशी भरून काढते? प्रथम श्वास जलद होतो. परंतु त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी बनते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मग मूत्रपिंडे रक्तातील जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, तेव्हा कुठे हा लगाम सैल होतो. या कामाला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर कित्येक आठवडे जातात.

म्हणून भारतीय सेनेने वेळापत्रकच आखले आहे. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस : दोन विश्रांतीचे, दोन सावकाश चालण्याचे, दोन लहान चढ चढण्याचे. पुढे १५,००० फुटांपर्यंत चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार.

घाई केली तर? फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आवळतात, त्यांतील दाब वाढतो आणि फुप्फुसांत पाणी झिरपते. रोग्याला प्राणवायू देऊन लवकर खाली आणले नाही, तर प्राणही जातो. १९६२ च्या युद्धात अनेक जवानांना उंचीची सवय होण्याआधीच वर जावे लागले आणि त्याची किंमत मोजावी लागली. पुढे डॉ. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांच्या पर्वतीय आजाराचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला.

धट्टाकट्टा पहिलवानही यातून सुटत नाही. सेनापतीचा हुकूम पलटणीला कळतो, मूत्रपिंडांना नाही! म्हणून डोकेदुखी लपवून पुढे जाणारा जवान शूर नव्हे. ती वेळीच सांगणारा शहाणा. तुम्ही कधी लेहला गेलात, तर हे अवश्य ध्यानात ठेवा.