श्रीखंडातले केशर आणि गोळीतला आंबा

गुढीपाडव्याच्या सामूहिक भोजनाचे श्रीखंड ठरवताना आमच्याकडे दरवर्षी एकच वाद रंगतो. ‘केशर श्रीखंड’ म्हणून जे येते त्यात केशर किती आणि इसेन्स किती? यंदा बालमेळाव्यात वाटलेल्या गोळ्यांवरूनही काही आयांनी तेच विचारले. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

मुळात जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकीचे काम नाकाचे. घरी मुलांना करून दाखवा: नाक चिमटीत धरून आंब्याची गोळी तोंडात टाकायला सांगा. नुसते आंबटगोड लागेल. नाक सोडले की आंबा येतो! तो आंबा म्हणजे गोळीतला सुगंधी द्रव.

गोळीत खरा रस का घालत नाहीत? कडक गोळीसाठी साखरेचा पाक १५० अंशांच्या आसपास आटवावा लागतो. त्या उष्णतेत रसाचा वास उडून जातो आणि रसातल्या पाण्याने गोळी चिकट होते. म्हणून पाक थोडा निवल्यावर, वड्या पाडण्याआधी स्वाद मिसळतात. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला १९४२ पासून गोळ्या बनू लागल्या. ‘पान पसंद’ आणि ‘मँगो मूड’ तिथल्याच, आपल्यापैकी अनेकांचे बालपण त्यांवर गेले. २०२४ मध्ये हे ब्रँड रिलायन्सने २७ कोटींना घेतले.

आता वेष्टनावरची बारीक अक्षरे. आपल्याकडच्या नियमांत स्वादाचे तीन प्रकार आहेत. वेलचीचे तेल किंवा संत्र्याच्या सालीचा अर्क हा नैसर्गिक. दुसरा निसर्गसदृश: रेणू तोच, पण कारखान्यात घडवलेला. व्हॅनिलाच्या शेंगेतला व्हॅनिलिन १८७४ मध्ये जर्मनीत प्रथम कृत्रिमरीत्या तयार झाला. पिकल्या केळ्याचा वास देणारे आयसोअमाइल अ‍ॅसिटेटही असेच बनवता येते. तिसरा कृत्रिम, म्हणजे निसर्गात न आढळणारा. इथाइल व्हॅनिलिन हे त्याचे उदाहरण. ते व्हॅनिलिनपेक्षा तीव्र, म्हणून थोडेसेच पुरते.

मग इसेन्सच्या आंब्याला हापूसची सर का येत नाही? कारण हापूसचा वास एका रेणूचा नसतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यावर बरेच काम झाले आहे. लॅक्टोन, फ्युरॅनोन अशी कितीतरी द्रव्ये त्यात ठरावीक प्रमाणात असतात. गोळीत त्यातली चार-सहा असली तरी आपण ‘आंबा’ म्हणतो, पण आमरस खाणारा माणूस फसत नाही.

केशराचेही तसेच. रंग क्रोसिनचा, वास सॅफ्रनालचा, आणि हा वास केशर वाळताना तयार होतो. इसेन्स वास देतो, पिवळेपणा मात्र बहुधा वेगळ्या रंगाचा असतो. रंग आणि स्वाद यांत गल्लत करू नये. मुलांना त्रास होतो असे वाटले, तर वेष्टनावर रंगाचा क्रमांकही पाहावा. १०२ म्हणजे टारट्राझिन. केशर पारखायचे तर दोन काड्या कोमट पाण्यात टाका. खऱ्या काडीचा रंग सावकाश उतरतो आणि काडी लालच राहते. रंगवलेले तंतू लगेच रंग सोडून फिके पडतात.

‘नैसर्गिक ते निर्धोक’ हे मात्र आम्हाला पटत नाही. बाळगुटीतले वेखंड घ्या. त्यातल्या बीटा-असॅरोनला भारतीय अन्न नियमांनी स्वादद्रव्य म्हणून बंदी घातली आहे. टोंका बीन्समधल्या कुमरिनलाही तीच बंदी, आणि ही दोन्ही द्रव्ये झाडांतलीच. चिमूटभर जायफळाने पुरणाला लज्जत येते, पण जास्त झाले तर गुंगी आणि मळमळ. उलट, प्रयोगशाळेतला व्हॅनिलिन आणि शेंगेतला व्हॅनिलिन यांत शरीर फरक करत नाही. आमची तक्रार इसेन्सबद्दल नाही, केशराचे पैसे घेऊन इसेन्स देण्याबद्दल आहे.

पलासियात छप्पन दुकानला किंवा रात्री सराफ्यात शिकंजी पिताना, केशर-वेलची-जायफळ वेगवेगळे ओळखता येतात का, हे मुलांना जरूर विचारा. इंदूरच्या शिकंजीत लिंबू नसून आटवलेले दूध असते, हे बाहेरच्या पाहुण्यांना आधी सांगावे लागते, ते वेगळे.

पाडव्यासाठी यंदा आम्ही साधा चक्काच आणणार आहोत. केशर आदल्या रात्री कोमट दुधात भिजवू. घोटायला आणि जायफळ किसायला हात लागतील, तेव्हा ज्यांच्याकडे बारीक किसणी आहे त्यांनी ती सोबत आणावी.