खेळाला जागा द्या, पण कागद सांभाळून!

२०२३ च्या सप्टेंबर महिन्याची अखेर. मी ऑफिसातून घरी आलो, तर बारावीतला मुलगा कॉम्प्युटरसमोर मान खाली घालून बसलेला. "पप्पा, गेमला जागा कमी पडत होती म्हणून एक फोल्डर उडवलं," एवढेच तो बोलला. कोणते फोल्डर, ते ऐकले आणि मी मटकन खाली बसलो. वस्तीतल्या अकरा मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे कागद त्यात होते. गुणपत्रिका, उत्पन्नाचे दाखले, पासबुकाची पाने, सगळे स्कॅन करून ठेवलेले. पठ्ठ्याने रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली होती.

चूक एकट्या पोराची नव्हती. ऑफिसात स्थळप्रत ठेवल्याशिवाय मी एक कागद पुढे सरकवत नाही. घरी मात्र अकरा मुलांच्या कागदांची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुलालाच घरोघर पाठवले. नऊ घरांतून कागद लगेच मिळाले. उरलेल्या दोन घरच्या आयांना कागद शोधून आणून देण्यासाठी अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागले. फॉर्म मुदतीत गेले, पण ती मजुरी कोण भरून देणार? दुसऱ्या कुणाच्या घरी असे होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

एवढी जागा कशाला?

तो गेम म्हणजे 'काउंटर-स्ट्राइक'. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने त्याची 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह' ही आवृत्ती ऑगस्ट २०१२ मध्ये आणली आणि डिसेंबर २०१८ पासून ती फुकट केली. आपल्याकडच्या पोरांच्या जुन्या कॉम्प्युटरवरही ती चालायची, कारण कंपनीची अट होती २ जीबी रॅम आणि १५ जीबी जागा. २७ सप्टेंबर २०२३ रोजी कंपनीने तिच्या जागी 'काउंटर-स्ट्राइक २' बसवला. पैसे नाहीत, पण अटी वाढल्या : ८ जीबी रॅम, ८५ जीबी मोकळी जागा, ६४ बिटचे विंडोज १० आणि डायरेक्टएक्स ११ चालवणारे, किमान १ जीबीचे ग्राफिक्स कार्ड. ३२ बिटचे विंडोज आणि अॅपलचे मॅक कॉम्प्युटर तर बादच झाले. आमचा कॉम्प्युटर सेकंडहँड, त्यात डिस्क १२० जीबीची. जागा येणार कुठून?

शिवाय अपडेटला ऐनवेळी नेहमीपेक्षा जास्त जागा लागते. फाइल बांधलेल्या गाठोड्यासारख्या दाबून येतात आणि डिस्कवर सोडल्या की फुगतात. नव्या फाइल तयार होईपर्यंत जुन्याही तिथेच असतात. खोलीत जुने कपाट हलवण्याआधी नवे आणून ठेवावे, तसला प्रकार. म्हणून मागितलेल्या जागेपेक्षा थोडी जास्तच मोकळी ठेवावी.

आधी तपासणी, मग खर्च

दुकानात धावण्याआधी आपल्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे ते पाहावे. कीबोर्डवरचे विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा. समोर आलेल्या चौकटीत डी, एक्स, डी, आय, ए, जी ही सहा इंग्रजी अक्षरे सलग लिहून एंटर करा. प्रोसेसर, रॅम, विंडोज, ग्राफिक्स कार्ड यांची सगळी कुंडली समोर येते. ती गेमच्या अटींशी ताडून पाहा. ग्राफिक्स कार्डच बसत नसेल, तर नुसती रॅम वाढवून उपयोग नाही. हप्त्यावर काही घेण्याआधी हे पाच मिनिटांचे काम करावे.

विंडोज ३२ बिटचे असेल, तर ६४ बिटचे नव्याने टाकावे लागते. त्यात आधीचे सामान पुसले जाऊ शकते. विंडोज ७ आणि ८ वर 'स्टीम' हे गेम उतरवण्याचे दुकान १ जानेवारी २०२४ पासून अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना कॉम्प्युटर घेताना हे लक्षात असू द्या.

साफसफाई कशी करावी?

पहिले काम प्रत काढण्याचे. दाखले, फोटो, अभ्यासाच्या फाइल पेनड्राइव्हवर उतरवा. ती फाइल पेनड्राइव्हवरून उघडून पाहा. उघडली, तरच प्रत झाली असे समजा. पेनड्राइव्ह हरवतो, बिघडतो, म्हणून आणखी एक प्रत दुसरीकडे असावी.

मग विंडोजच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज' उघडा. तिथे 'टेम्पररी फाइल्स'ची यादी मिळते. त्यातला कचरा खुशाल काढा. पण त्याच यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असते. तो कचरा नव्हे, तुम्ही उतरवलेल्या फाइल असतात. हॉलतिकीट, निकाल, फॉर्मची पावती बहुधा तिथेच पडलेली असते. त्यावर खूण करण्याआधी दहादा बघा. खेळत नाही ते जुने गेम मात्र आधी काढावेत. हवे तेव्हा ते पुन्हा उतरवता येतात.

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर एनव्हिडिया, एएमडी, इंटेल, ज्याचे कार्ड त्याच कंपनीच्या ठिकाणाहून घ्यावा. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून पंख्यावरची धूळ मऊ ब्रशने झाडावी. तापलेला कॉम्प्युटर आपोआप मंद चालतो.

डेटाचा हिशेब

इंटरनेटवाला '३० एमबीपीएस' म्हणतो, तेव्हा ते ३० मेगाबिट असतात. आठ बिटांचा एक बाइट. समजा ३० जीबी उतरवायचे आहे, तर पूर्ण वेगाने सव्वादोन तास लागतील. मोबाइलवर रोजचा दीड जीबी असेल, तर तेच काम वीस दिवसांचे! आणि मग बहिणीच्या ऑनलाइन तासाला नेट उरणार नाही. स्टीमच्या सेटिंगमध्ये अपडेटची वेळ ठरवता येते आणि वेगाला मर्यादाही घालता येते. रात्रीची वेळ लावावी. मध्येच डाउनलोड शून्यावर आले तर घाबरून कॉम्प्युटर बंद करू नका. पुष्कळदा डिस्क फाइल सोडवत असते, विशेषतः जुन्या फिरत्या डिस्कवर.

आणखी एक इशारा. नवा गेम आला की भामटेही येतात. २०२३ मध्ये चाचणीचे निमंत्रण म्हणून खोट्या ईमेल फिरल्या. खरे निमंत्रण गेमच्या आतच दिसते, ईमेलने आलेले खोटे, असे कंपनीला सांगावे लागले. पासवर्ड किंवा ओटीपी कोणाला देऊ नये.

आईवडिलांनी विचारायचे तीन प्रश्न

आपल्याला कॉम्प्युटर कळत नाही म्हणून गप्प बसू नका. मुलांना खेळू द्या, पण अपडेटच्या आधी तीन प्रश्न विचारा. जागा किती लागणार? त्यासाठी काय उडवणार? उडवणार त्याची प्रत कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हातात ठेवून दाखवता आले, तरच पुढे जाऊ द्या.

आमच्या मुलाने तो गेम नंतर उतरवला, जुने तीन गेम काढून. वस्तीतल्या मुलांचे कागद आता तोच स्कॅन करतो. दोन पेनड्राइव्ह केले आहेत. एक आमच्या कपाटात असतो, दुसरा शेजारच्या मावशींकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही उघडून पाहतो. तुमच्या घरी कॉम्प्युटर असेल, तर येत्या रविवारी एवढे काम जरूर करा.