मोटारीच्या रेडिएटरच्या कामाचे वाजवी मोल

कोणत्याही कामाचे मोल वाजवी आहे किंवा नाही हे ठरविण्यास ते काम मुळात काय आहे, हे अगोदर समजले पाहिजे. कापड घेताना आपण त्याचा पोत पाहतो, धान्य घेताना दाणे तळहातावर घेऊन पारखतो; परंतु मोटार दुरुस्तीस टाकली म्हणजे चांगला सुशिक्षित मनुष्यही मिस्त्री म्हणेल ते खरे समजून मान डोलावितो, आणि मागाहून आपण फसलो की काय, ह्या विचाराने झुरत बसतो. हसनाबादसारख्या गावी ज्या घरी मोटार वा जीप असते, ती त्या एका घराचीच राहत नाही. रात्री-अपरात्री शेजारच्या आजाऱ्यास भोकरदनला किंवा जालन्यास न्यावयाचे, तर तीच गाडी बाहेर निघते. अशी गाडी वैशाखाच्या उन्हात वाटेत तापून उभी राहिली, तर होणारी हानी केवळ पैशांची नसते. सबब गाडीचे इंजिन थंड राखणाऱ्या व्यवस्थेच्या कामाचे मोल कसे जोखावे, ह्याचा विचार येथे करू.

इंजिनात इंधन जळते त्यापासून निघणाऱ्या उष्णतेचा, स्थूलमानाने, तिसरा हिस्साच गाडी चालविण्याच्या उपयोगी पडतो. उरलेल्यापैकी काही धुराबरोबर निघून जातो व काही इंजिनाच्या धातूत शिरतो. हा शेवटचा हिस्सा बाहेर काढला नाही, तर धातू वाकडा होतो, हेड गॅस्केट फुटते आणि शेकड्यांत होणारे काम हजारांवर जाते. म्हणून इंजिनाभोवती द्रव खेळविलेला असतो. वॉटर पंप त्यास फिरवितो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना तो वाऱ्याने निवतो. वारा पुरेसा नसेल तेव्हा पंखा साहाय्य करितो. आणि थर्मोस्टॅट नावाची झडप, इंजिन सुमारे ८० ते ९० अंश सेल्सिअस तापेपर्यंत, द्रवाची रेडिएटरकडील वाट अडवून धरते. राजूरच्या गणपतीस अंगारकीच्या दिवशी मोटारी मुंगीच्या गतीने सरकतात, त्या वेळी समोरून वारा मिळत नाही व सारा भार पंख्यावर पडतो. मोकळ्या रस्त्यावर ठीक चालणारी गाडी गर्दीत तापू लागली, तर पहिला संशय पंख्याचा घ्यावा, तो ह्याचमुळे.

हा द्रव म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्यास कूलंट म्हणतात. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल, शुद्ध पाणी व गंज रोखणारी द्रव्ये असतात. साधे पाणी १०० अंशांवर उकळते. परंतु निम्मे ग्लायकॉल व निम्मे पाणी असे मिश्रण, रेडिएटरच्या घट्ट झाकणाच्या दाबाखाली, सव्वाशे अंशांच्या आसपास तापेपर्यंत उकळत नाही. आपल्याकडील विहिरींचे व बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी दुष्फेन असते. पाणी तापविण्याच्या बंबात जो पांढरा थर बसतो, तोच थर अशा पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. वाटेत अडचण पडली तर साधे पाणी घालून घर गाठावे; परंतु तोच नित्यक्रम करू नये. एक सूचना येथेच देणे अवश्य आहे. इंजिन गरम असता झाकण कधीही उघडू नये, वाफेने तोंड भाजते. तसेच ग्लायकॉल चवीस गोड परंतु विषारी असते. म्हणून काढलेला द्रव मुलांच्या व जनावरांच्या वाटेत ठेवू नये, नाल्यात वा विहिरीजवळ ओतू नये.

आता मोलाकडे वळू. पहिला प्रश्न 'किती रुपये?' हा नसून 'हे काम आज हवे आहे काय?' हा होय. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत कूलंट किती वर्षांनी वा किती किलोमीटरनंतर बदलावयाचे, ते लिहिलेले असते. काही गाड्यांत ही मुदत दोन वर्षांची, तर काहींत पाच वर्षांची किंवा त्याहूनही अधिक असते. कोणत्या जातीचे कूलंट व किती लिटर लागते, हेही तेथेच सापडते. केवळ रंग पाहून जात ठरवू नये. कारण निरनिराळे कारखानदार निरनिराळे रंग वापरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे किमतीचे भाग पाडणे. जिनसा किती, सुटे भाग कोणते व मजुरी किती तासांची, हे तीन भाग निराळे लिहून मागावे. विद्यार्थ्यांनी पुढील उदाहरण वहीत मांडून पाहावे. त्यातील दर केवळ हिशेबाकरिता कल्पिलेले आहेत. गाडीस ५ लिटर तयार कूलंट लागते व त्याची छापील किंमत लिटरला ३०० रुपये आहे. म्हणजे १,५०० रुपये झाले. जुना द्रव काढणे, आतून धुणे, नवा भरणे व अडकलेली हवा बाहेर काढणे, ह्यास दीड तास लागला व तासाचा दर ४०० रुपये धरला, तर मजुरी ६०० रुपये. मजुरीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १०८ रुपये. एकूण २,२०८ रुपये. छापील कमाल किमतीत सर्व कर अंतर्भूत असतात, हे येथे विसरू नये. कोणी संपूर्ण २,१०० रुपयांवर कर लावील तर तो ३७८ रुपये होईल, आणि त्यातील २७० रुपये आपण दुसऱ्यांदा भरलेले असतील.

ह्याच कामास कोणी ५,००० रुपये सांगितले, तर तो लबाडच आहे असे लागलीच म्हणू नये. कदाचित थर्मोस्टॅट किंवा जुने रबरी पाइप बदलावयाचे असतील. काही इंजिनांत वॉटर पंपापर्यंत हात पोहोचण्यास पुष्कळ भाग उकलावे लागतात; तेथे पंप स्वस्त व मजुरी जड असणे स्वाभाविक आहे. उलट कोणी ७०० रुपयांत सारे करून देतो म्हणाला, तर अधिक सावध व्हावे. कारण जेथे कूलंटचेच १,५०० रुपये होतात, तेथे ७०० रुपयांत बहुधा नळाचे पाणीच भरले जाईल. तात्पर्य, वाजवी किंमत म्हणजे कमी किंमत नव्हे. जिचा प्रत्येक रुपया कशाचा आहे हे सांगता येते, ती वाजवी किंमत होय. दोन ठिकाणचे दर विचारताना काम तेच, जिनसा त्याच व लिटर तितकेच आहेत ना, हे पाहावे. नाही तर ती तुलनाच नव्हे.

तिसरी गोष्ट निदानाची. बंद व्यवस्थेतील कूलंट वारंवार कमी होत असेल, तर ते कोठेतरी गळत आहे. अशा वेळी धुणे व भरणे हे औषध नव्हे. दाब देऊन गळती शोधावयास लावावी, व त्या तपासणीचे पैसे आनंदाने द्यावे. इंजिनाच्या तेलास दुधासारखा रंग आला किंवा धुरातून पांढरी वाफ सतत निघू लागली, तर दोष हेड गॅस्केटचा असण्याचा संभव आहे. जुने भाग परत मागणे व रिकामे डबे पाहणे ह्यांत मिस्त्रीचा अपमान नाही. मात्र दुरुस्तीचा खर्च गाडीच्या मोलाच्या जवळ जाऊ लागला, तर नाकापेक्षा मोती जड होत आहे, हेही ओळखावे.

पक्की पावती अवश्य घ्यावी. ज्या गॅरेजची कराकरिता नोंदणी नाही, त्यास ग्राहकाकडून तो कर घेण्याचा अधिकार नाही. आणि छापील कमाल किमतीहून अधिक दाम कोणासही मागता येत नाही. १९७४ साली पुण्यास बिंदुमाधव जोशी ह्यांनी ग्राहक पंचायतीचा पाया घातला, तेव्हापासून महाराष्ट्रात ह्या हक्कांविषयी जागृती होत आली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, व १९१५ ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार सांगता येते. परंतु हातात पावती नसेल, तर खरी तक्रारही लंगडी पडते.

शेवटी एक गोष्ट. ज्या कारागिराने दोष नेमका शोधला, जे भाग चांगले होते ते चांगले म्हणून सांगितले आणि मे महिन्याच्या झळांत तापल्या इंजिनावर वाकून काम केले, त्याच्या मजुरीत घासाघीस करणे हेही वाजवीपणास सोडूनच होय. विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरी गाडी असेल, तर ह्या रविवारी वडिलांबरोबर, इंजिन थंड असता, बॉनेट उघडून कूलंटची पातळी खुणेइतकी आहे ना ते पाहा. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे पाच मिनिटांचे काम शहाणपणाचे आहे, आणि त्यास पैही पडत नाही.