इंजिनाने एअर धरली: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिझेल इंजिनात ठिणगीचा संबंध नसतो. दाबून तापलेल्या हवेत नोजलने डिझेलचा बारीक फवारा मारायचा आणि तो पेटायचा, एवढ्यावर सगळा कारभार चालतो. जुन्या पद्धतीच्या पंपावर नोजल उघडायला साधारण 200 बारच्या आसपास दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबत नाही, म्हणून पंपातल्या प्लंजरचा रेटा थेट नोजलपर्यंत पोचतो. पाइपात हवा शिरली की प्लंजर ती हवाच दाबत-सोडत बसतो आणि नोजल उघडत नाही. यालाच मेकॅनिक ‘एअर धरली’ म्हणतात.

सगळ्यात चिवट गैरसमज असा: कुठेच डिझेल गळत नाही, मग हवा येईल कुठून? खरे तर हवा बहुतेक वेळा कोरड्या सांध्यातूनच येते. टाकी खाली आणि पंप वर, अशा रचनेत टाकीपासून फीड पंपापर्यंतचे डिझेल ओढले जात असते, त्यामुळे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) सैल असला किंवा रबरी नळीला बारीक चीर गेली, तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. इंजिन उभे राहिले की नळीतले डिझेल मागे टाकीत उतरते. संध्याकाळपर्यंत नीट चाललेला ट्रॅक्टर सकाळी का हटून बसतो, याचे एक कारण हेच. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, त्यामुळे तिथली गळती ओली दिसते. फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडून इंजिन चालवले, तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

रेल्वेच्या मोठ्या इंजिनांत ही सोय मुळातच असते. 1999 पासून भारतात आलेल्या डब्ल्यूडीजी-4 जातीच्या मालगाडी इंजिनांचे हुबळीचे डिझेल शेड हे पहिले माहेर. 16 सिलिंडरच्या या 4000 अश्वशक्तीच्या इंजिनात फिल्टरजवळ काचेची डोळकी बसवलेली असतात. इंजिन सुरू करण्याआधी विजेवरच्या पंपाने डिझेल फिरवायचे आणि परतीच्या काचेत ते स्वच्छ, बिनबुडबुड्याचे दिसेपर्यंत थांबायचे, असा नेम आहे. इंजिन चालू असताना त्या काचेत बुडबुडे दिसले, तर ओढणीच्या बाजूला हवा शिरते आहे असे समजतात. इथे प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरमध्येच पंप असतो आणि जळते त्याहून जास्त डिझेल सतत फिरून टाकीत परत जाते. जाताना ते हवाही घेऊन जाते. पाइपाचे नट सोडत बसावे लागत नाही.

शेतात मात्र नट सोडावेच लागतात, आणि ते टाळण्यासाठी नुसता स्टार्टर मारत राहण्याची सवय फार आहे. त्यातून बॅटरी उतरते आणि स्टार्टरची मोटर तापते. शिवाय प्लंजरला वंगण डिझेलचेच असते, म्हणजे कोरडा पंप फिरवणे हे पंप झिजवणेच. स्टार्टर एका वेळी 10 ते 15 सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे.

हवा काढताना टाकीकडून नोजलकडे जायचे असते. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन-तीन आटे सैल करून हँड प्रायमर (फीड पंपावरचा हाताने चालवायचा पंप) मारावा. आधी फसफसता फेस येतो, मग तुटक धार, शेवटी अखंड धार. ती वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. धार थांबल्यावर आवळला तर थोडी हवा परत आत जाते. दोन फिल्टर असतील तर फीड पंपाजवळचा आधी, मग दुसरा आणि त्यानंतर पंपावरचा स्क्रू. इतके करूनही इंजिन उठले नाही तरच नोजलकडचे नट किंचित सैल करून स्टार्टर मारावा. प्रायमर दाबूनही डिझेल उचलत नसेल तर तो खराब झाला असे लगेच मानले जाते. बऱ्याचदा फीड पंप कॅमच्या उंचवट्यावर अडकलेला असतो. इंजिन थोडे फिरवले की प्रायमर काम करू लागतो. काम झाल्यावर प्रायमरची मूठ आटे फिरवून बंद करावी, नाहीतर तिथूनच हवा शिरते.

एकदा काढलेली हवा दोन दिवसांनी परत येत असेल, तर पुन्हा पुन्हा काढण्यात अर्थ नाही. पुष्कळदा दोष जुन्या तांब्याच्या वायसरचा असतो. एकदा दबून कडक झालेला वायसर दुसऱ्यांदा नीट बसत नाही. मग बोल्ट जास्त आवळून आटेच जातात. नवा वायसर काही रुपयांत मिळतो.

हीच नट सोडण्याची पद्धत कॉमन रेल इंजिनावर (ज्यात सगळ्या नोजलांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते) वापरणे धोक्याचे आहे. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना कडक उत्सर्जन मानके लागू झाली आणि कॉमन रेल शेतापर्यंत पोचले. त्यात दाब 1000 बारच्याही वर जातो. एवढ्या दाबाची धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. अशा इंजिनात फिल्टरपर्यंतचीच हवा प्रायमरने काढायची, पुढची परतीच्या वाटेने आपोआप निघते.

उंचावर टाकी असलेल्या एका सिलिंडरच्या पाणी-इंजिनाचा प्रकार वेगळाच. ते तासभर चालून मरते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, आणि मालक हवेला दोष देतो. अनेकदा टाकीच्या झाकणातले बारीक भोक धुळीने बुजलेले असते. डिझेल खाली उतरते तशी हवा वरून आत यायला हवी. ती न आल्याने टाकीत पोकळी होऊन डिझेल थांबते. झाकण उघडताना सुस्कारा ऐकू आला आणि ते सैल ठेवून इंजिन न अडता चालले, तर तारेने भोक मोकळे करणे एवढीच दुरुस्ती.